जीए, डेला आणि युबिक्विटिन लायगेज : अण्णांना हे कसं सांगू?

द्राक्षकन्या

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

तासगाव तालुक्यात आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे, थॉमसन आणि थोडी तास-ए-गणेश. अण्णा गेली २८ वर्षं बाग बघतात. मी पुण्यात पीएचडी करतेय, विषय युबिक्विटिन लायगेजची रचना. गावात कोणी विचारलं पोरगी काय करते, की अण्णा सांगतात, "पेशीतलं कायतरी बघती." फार कौतुकाने सांगतात हो, पण मला दरवेळी आतून टोचतं, कारण ते जे काम इतकी वर्षं हाताने करतात त्याचाच आतला भाग मी बघतेय आणि ते मी त्यांना अजून सांगू शकले नाही.

म्हणजे बघा, पोपटी अवस्थेत घड लांबायला जीएची (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संप्रेरक) फवारणी, नंतर मणी बाजरी-ज्वारीएवढा झाला की डिपिंग, म्हणजे घड जीएच्या द्रावणात बुडवणं. बिनबियांच्या द्राक्षात मणी फुगवणारं जिबरेलिन तयार करायला बीच नाही म्हणून ते बाहेरून द्यायचं, इथवर अण्णांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण जीए आत जाऊन करतं काय? पेशीत डेला नावाचं प्रोटीन वाढीवर ब्रेक दाबून बसलेलं असतं. जीए आलं की त्या डेलावर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रोटीनचा शिक्का बसतो आणि शिक्का बसलेलं डेला पेशी मोडून टाकते. ब्रेक सुटला की मणी फुगतो. हा शिक्का कोणावर मारायचा ते ठरवणारं एन्झाइम म्हणजे युबिक्विटिन लायगेज, ज्याला ई-३ पण म्हणतात.

पुस्तकांत याला सरळ "पेशीचा कचरा उचलणारी यंत्रणा" म्हणतात, ते मला पटत नाही. डेला कचरा नाहीये, चांगलं धडधाकट प्रोटीन आहे. आपल्याकडचं काही उदाहरण सुचतंय का? पुढच्या आठवड्यात घरी जातेय, डिपिंग तेव्हाच आहे.

ऊसवाला_पलूस

सोप्पं हाय की ताई. चिटबॉय, साखर कारखान्याचा तोडीची चिठ्ठी देनारा मानूस.

ऊस कितीबी चांगला उभा असू दे, तोड कवा लावायची ते कोण ठरवतंय? शेतकरी न्हाय, ट्रॅक्टरवाला न्हाय, गव्हाण (कारखान्यात ऊस टाकायची जागा) तर न्हायच न्हाय. चिटबॉयनं चिठ्ठी दिली की टोळी येती, ऊस भरला की गाडी काट्यावर आन् तिथनं गव्हाणीत. तुमचा ई-३ म्हंजी चिटबॉय, डेला म्हंजी बारा महिन्याचा तयार ऊस. त्याला कचरा कशाला म्हनायचं, त्याची साखर होणार हाय.

खटावकर

वा पलूसकर! वाचतोय.

द्राक्षकन्या

दादा, हे मला चार वर्षांत सुचलं नाही! आणि साखर होणार हे पण बरोबर बसतं. गव्हाण म्हणजे प्रोटिअसोम, नळकांड्यासारखं यंत्र, त्यात प्रोटीनचे बारीक तुकडे होतात आणि शेवटी सुटी झालेली अमिनो ॲसिडं नवीन प्रोटीन बांधायला परत जातात. चिठ्ठी सुद्धा वाया जात नाही, युबिक्विटिन तोंडाशीच काढून घेतात आणि पुढच्यासाठी वापरतात.

शंकेखोर_सांगली

उदाहरण छान आहे पण मला मुळातलंच पटत नाहीये. आपण डाळ खातो, पोटात तिचं प्रोटीन पचतं, तिथे कोणी चिठ्ठी देत नाही. मोडायला एवढा सरंजाम कशाला? घर बांधायला खर्च येतो, पाडायला पहार पुरते.

कऱ्हाडची_प्रोटीनवाली

शंकेखोर, तुम्ही जे विचारलंत ना त्याच प्रश्नातून हा सगळा विषय निघालाय, त्यामुळे जरा लांब लिहिते.

पोटातली एन्झाइमं प्रोटीन तोडतात तेव्हा एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) लागत नाही, बरोबर. पण १९५३ साली दिसलं होतं की यकृताच्या पेशी स्वतःचं प्रोटीन मोडतात तेव्हा त्यांना ऊर्जा लागते. का, हे पंचवीसेक वर्षं कोणाला सांगता येईना. मग इस्रायलमध्ये हैफाच्या टेक्निऑन संस्थेत ॲव्हराम हर्श्को आणि त्यांचे विद्यार्थी ॲरन चिकानोव्हर यांनी सशाच्या कोवळ्या तांबड्या पेशींचा रस घेतला आणि त्याचे दोन भाग केले. एकेकटा भाग काहीच करेना, दोन्ही एकत्र केले की प्रोटीन मोडायला लागायचं. पहिल्या भागात हिमोग्लोबिनच हिमोग्लोबिन, त्यात नेमकं कामाचं काय ते सापडेना. तेव्हा त्यांनी तो भाग चक्क उकळला. हिमोग्लोबिन फाटलेल्या दुधासारखं खाली बसलं आणि कामाचं प्रोटीन वरच्या निवळीत शाबूत राहिलं! ते एवढंसं, ७६ अमिनो ॲसिडांचं. नंतर लक्षात आलं की १९७५ मध्ये दुसऱ्या कारणासाठी वेगळं काढलेलं युबिक्विटिन ते हेच. पुढे फिलाडेल्फियाला आयर्विन रोझ यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी १९८० पर्यंत दाखवलं की हे युबिक्विटिन मोडायच्या प्रोटीनला पक्क्या बंधाने जोडलं जातं, एकाला एक साखळी करून. २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं.

आता पहारीचं. पोट सरसकट पाडतं, समोर आलं ते पाडलं. पेशीत हजारो प्रकारची प्रोटीनं खेटून उभी आहेत आणि त्यातलं एकच, आत्ताच, शेजाऱ्याला धक्का न लावता काढायचंय. हा निवडीचा खर्च आहे. ई-१ नावाचं एन्झाइम एटीपी खर्चून युबिक्विटिन तापवतं (म्हणजे जोडायला तयार करतं), ते ई-२ या दुसऱ्या एन्झाइमकडे देतं, आणि ई-३ ते नेमक्या प्रोटीनवर बसवतं. शिवाय प्रोटिअसोमच्या तोंडाशी प्रोटीनची घडी उलगडायला पण एटीपी लागतो. माणसात ई-१ दोन, ई-२ चाळीसेक, आणि ई-३ सहाशेच्या वर. सगळी विविधता खालच्या टोकाला आहे कारण निवड तिथे होते.

शंकेखोर_सांगली

मनापासून धन्यवाद. उकळण्याचा भाग वाचून अंगावर काटा आला. इतकी साधी गोष्ट.

येरळामाई

आमची आजी दूध फाटलं की निवळी फेकू द्यायची नाही, कणीक भिजवायची त्यात. बरोबर होतं तिचं.

हळदीचा_सौदा

माझा सायन्सशी संबंध बारावीपर्यंतच, सांगली मार्केट यार्डात हळदीची अडत आहे आमची. एक विचारू का, हा ई-३ स्वतः मालाला हात लावतो का? का नुसता बोट दाखवतो? चिटबॉय काय स्वतः ऊस तोडत नाही.

कऱ्हाडची_प्रोटीनवाली

केवढा नेमका प्रश्न विचारलात! ई-३ ची दोन मुख्य घराणी याच गोष्टीवरून वेगळी होतात.

एक रिंग घराणं, सगळ्यात मोठं. त्यात जस्ताचे दोन अणू प्रोटीनची एक छोटी घडी आवळून धरतात. हे रिंग ई-३ एका हाताने ई-२ धरतं, दुसऱ्या बाजूला ज्यावर शिक्का मारायचा ते प्रोटीन, आणि दोघांना इतकं जवळ आणतं की युबिक्विटिन ई-२ वरून थेट पलीकडे जातं. स्वतः माल हातात घेत नाही. पण नुसतं बोट दाखवतं असंही नाही, ई-२ आणि त्याच्यावरचं युबिक्विटिन यांना दाबून अशा बैठकीत धरतं की पुढची क्रिया झटकन होते.

दुसरं हेक्ट घराणं, माणसात २८. हे ई-२ कडून युबिक्विटिन आधी स्वतःच्या एका सिस्टीनवर (एका अमिनो ॲसिडावर) घेतं आणि मग पुढे देतं. त्याचे दोन भाग बिजागरीने जोडल्यासारखे असतात, आधी इकडे वळून घ्यायचं, मग तिकडे वळून द्यायचं.

हळदीचा_सौदा

म्हणजे रिंग म्हणजे आम्ही अडत्ये आणि हेक्ट म्हणजे हमाल! अडत्या शेतकरी आणि खरेदीदार समोरासमोर आणतो, पोतं काही आपल्या पाठीवर घेत नाही. हमाल आधी स्वतःच्या पाठीवर घेतो मग गाडीत टाकतो. आणि दाबून धरण्याचं म्हणाल तर सौद्यात तेच करावं लागतं, दोघंही हलू नयेत असं बसवायचं 😀

ऊसवाला_पलूस

आमचा चिटबॉय गेला का मागं? 😀

द्राक्षकन्या

नाही दादा, चिटबॉय "कोणाला" साठी आणि अडत्या-हमाल "कसं" साठी. दोन्ही वहीत उतरवून घेतलंय.

तिसरं एक छोटं घराणं आहे, आरबीआर. दिसायला रिंग, पण काम हेक्टसारखं, आतून गुपचूप आधी स्वतःवर घेतं. माणसात १४ आहेत, त्यातलं पार्किन सगळ्यात प्रसिद्ध.

मिरजकर_डॉक्टर

पार्किनचं नाव आलं म्हणून लिहितो. पार्किन्सन्स आपल्याला म्हातारपणाचा आजार म्हणून माहीत आहे, पण काही घराण्यांत तो तिशी-चाळिशीत किंवा त्याच्याही आधी सुरू होतो. १९९८ मध्ये जपानी संशोधकांना अशा कुटुंबांत जो जीन बिघडलेला सापडला त्याचं नाव पार्किन. तो ई-३ निघाला. पेशीतला मायटोकॉन्ड्रिया (पेशीचं ऊर्जाघर) खराब झाला की पिंक-१ नावाचं एन्झाइम त्याच्या पृष्ठभागावर जमतं आणि तिथल्या युबिक्विटिनवर फॉस्फेट लावतं, पार्किनवर पण लावतं. तोपर्यंत पार्किन स्वतःचे हात स्वतःच बांधून बसलेलं असतं. फॉस्फेट मिळालं की गाठ सुटते आणि ते त्या खराब मायटोकॉन्ड्रियावर शिक्के मारत सुटतं. बहुसंख्य पार्किन्सन्सच्या रुग्णांत पार्किन चांगलं असतं, त्यामुळे वाचून लगेच कोणी घाबरू नका.

पण मला खरं तर थॅलिडोमाइडबद्दल लिहायचं होतं. १९५० च्या दशकाच्या शेवटी युरोपात गरोदर बायकांना मळमळीसाठी हे औषध दिलं गेलं आणि हजारो मुलं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. १९६१ मध्ये ते मागे घेतलं. ते नेमकं कशाला चिकटतं हे कळायला २०१० उजाडलं. जपानमधल्या हिरोशी हांडा यांच्या गटाने दाखवलं की ते सेरेब्लॉनला चिकटतं, आणि सेरेब्लॉन हा एका ई-३ चा माल ओळखणारा भाग आहे. औषध तिथे बसलं की त्याची पकड बदलते, एरवी ज्यांना त्याने कधी धरलं नसतं अशी प्रोटीनं तो धरायला लागतो. गर्भात त्यामुळे घात झाला. आणि त्याच पकडीचा उपयोग करून आज मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात लेनालिडोमाइड देतात, तिथे ते इकारोस आणि ऐओलोस ही दोन प्रोटीनं मोडायला लावतं ज्यांच्यावर त्या कर्करोगाच्या पेशी जगतात. मी ही गोळी लिहून देतो तेव्हा दरवेळी ती मुलं डोळ्यांपुढे येतात.

येरळामाई

डॉक्टरसाहेब, माझ्या आईला हीच गोळी तीन वर्षं चालू होती. २१ दिवस घ्यायची, ७ दिवस बंद. मला तेव्हा कोणीच सांगितलं नाही की आत काय होतंय, फक्त रक्त तपासणीचे आकडे. घरी सुनेला दिवस गेले होते म्हणून "गोळीला तिने हात लावू नये" असं बजावलं होतं, का ते आज कळलं. आई गेली, पण ती तीन वर्षं चांगली गेली, नातीचं बारसं तिने स्वतः केलं. ताई, तुम्ही हा धागा काढलात, तुमचं भलं होवो.

द्राक्षकन्या

येरळामाई... काय लिहू कळत नाही. आईंना नमस्कार.

मिरजकर_डॉक्टर

येरळामाई, हात न लावण्याचं कारण तेच. आणि सांगायला हवं होतं तुम्हाला, हे आम्हा लोकांचं राहून जातं खरं.

बेदाणा

विषय थोडा बदलतो, माफी. पण "पकड बदलते" वरून आठवलं. मागच्या वर्षी शेजारच्या उसात कोणीतरी तणनाशक मारलं, २,४-डी, वारा आमच्या बाजूला. चार दिवसांत बागेची नवीन पानं पंख्यासारखी चिंबली, शिरा जवळ आल्या, शेंडे पिळवटले. उसाला काही झालं नाही, तो टवटवीत. ते पण असंच काही असतं का?

ऊसवाला_पलूस

बेदाणा, आमी सकाळचं वारं पडलेलं बगूनच मारतो ओ. पण समद्यांना बोल लागतो.

बेदाणा

तुम्हाला नाही हो म्हणत दादा, तुमच्यासारखे शेजारी पाहिजेत.

कऱ्हाडची_प्रोटीनवाली

असंच असतं, आणि यात मला सगळ्यात सुंदर रचना दिसते.

झाडात ऑक्झिन नावाचं संप्रेरक असतं, २,४-डी त्याचं सोंग घेतं. ऑक्झिन कोण ओळखतं हे फार वर्षं कोडं होतं. २००५ मध्ये कळलं की ओळखणारं प्रोटीन, टीआयआर-१, हाच एका ई-३ चा एफ-बॉक्स, म्हणजे माल ओळखणारा, भाग आहे. २००७ मध्ये त्याच्या स्फटिकाची रचना आली. टीआयआर-१ मध्ये एक खळगा आहे, त्याच्या तळाशी ऑक्झिन बसतं आणि वरून दुसरं प्रोटीन (वाढीचे जीन दाबून धरणारं) झाकणासारखं येऊन बसतं. ऑक्झिन नसेल तर ते झाकण नीट बसत नाही. डिंकासारखं काम. थॅलिडोमाइड पण डिंकच. २,४-डी त्याच खळग्यात बसतं, पण खरं ऑक्झिन झाड पटकन आवरतं तसं याला आवरता येत नाही, म्हणून सूचना बंदच होत नाही आणि रुंद पानाचं झाड स्वतःच्या वाढीनेच पिळवटतं. ऊस गवताच्या कुळातला, त्याला ते निभावता येतं. द्राक्ष तर याबाबतीत फारच हळवं आहे.

शंकेखोर_सांगली

मग जीए पण ई-३ मध्ये डिंक म्हणून बसतं असं समजायचं?

द्राक्षकन्या

इथे थोडा फरक आहे आणि मीही पहिल्या वर्षी इथेच चुकले होते. जीए ई-३ मध्ये बसत नाही. त्याला ओळखणारं प्रोटीन वेगळं, जीआयडी-१, ते २००५ मध्ये जपानमध्ये नागोयाला भातात सापडलं. त्याच्या पोटात जीए शिरलं की वर एक पट्टी डबीच्या झाकणासारखी मिटते. त्या मिटलेल्या झाकणाच्या पाठीवर डेला येऊन चिकटतं. आणि अशी जोडी जमली की मगच ई-३ चा एफ-बॉक्स डेलाला धरतो. म्हणजे चिटबॉयने डेला ओळखायच्या आधी गावातल्या दुसऱ्या माणसाने त्याचा दंड धरून आणलेला असतो.

आणि हे एफ-बॉक्स काय ते सांगायचं राहिलं. मोठ्या रिंग ई-३ चा एक सांगाडा असतो, कलिन, लांब वाकलेला दांडा. त्याच्या एका टोकाला रिंग आणि ई-२, दुसऱ्या टोकाला एक जोडणी आणि जोडणीत एफ-बॉक्स. ट्रॅक्टर एकच, मागे आज नांगर, उद्या रोटर, परवा पेरणी यंत्र, तसे एफ-बॉक्स बदलतात आणि त्याप्रमाणे मोडायचं प्रोटीन बदलतं. माणसात एफ-बॉक्स ६९ आहेत. अराबिडॉप्सिस नावाच्या वीतभर झाडात जवळजवळ ७००!

खटावकर

झाडात दहापट?? का बरं?

द्राक्षकन्या

मला वाटतं ते झाड आहे म्हणूनच. आपल्याला ऊन लागलं तर सावलीत जाता येतं. त्याला जागेवर उभं राहून आतूनच बदलावं लागतं, तेही दर तासाला.

वाईचा_गणू

डेला वाचून दचकलो, कारण हे नाव मी गव्हाच्या संदर्भात ऐकलंय. आमचे आजोबा सांगायचे की जुना गहू छातीएवढा व्हायचा, खत जरा जास्त झालं आणि वळीव आला की सगळा लोळायचा, लोळलेल्यात दाणा भरत नाही. मग बुटका गहू आला आणि लोळणंच संपलं. तो बुटकेपणा म्हणजे हेच डेला ना?

कऱ्हाडची_प्रोटीनवाली

हेच. जपानी नोरिन-१० या गव्हातून गहूतज्ज्ञ नॉर्मन बोरलॉग यांच्या मेक्सिकोतल्या कामात हे जीन आले आणि तिथून आपल्याकडे. १९९९ मध्ये कळलं की त्या बुटक्या गव्हात डेलाचा नेमका तो तुकडा बिघडलाय ज्याला जीआयडी-१ धरतं. जीए असून उपयोग नाही, ब्रेक निघतच नाही, ताट आखूड राहतं आणि अन्न दाण्यात जातं. १९६० च्या दशकात लोकांनी डोळ्याने निवड केली आणि तीस वर्षांनी कळलं की आपण एका चिठ्ठीची जागा पुसलेला गहू निवडला होता. भाताच्या बुटकेपणाची गोष्ट थोडी वेगळी, तिथे जीए तयार करणारं एन्झाइम अधू झालेलं आहे.

वाईचा_गणू

आजोबा आज असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं.

शंकेखोर_सांगली

पुन्हा मीच. चिटबॉयवर कोण लक्ष ठेवतं? त्याने मनाला येईल त्याला चिठ्ठ्या दिल्या तर? आमच्याकडे हंगाम सुरू झाला की याच तक्रारी असतात.

ऊसवाला_पलूस

ह्यो प्रश्न समद्या जिल्ह्याचा हाय!

कऱ्हाडची_प्रोटीनवाली

बऱ्याच कड्या आहेत. एक, ज्या प्रोटीनला मोडायचं त्याच्यावरच आधी खूण लागते, पुष्कळदा फॉस्फेटची, तरच एफ-बॉक्स त्याला ओळखतो. म्हणजे सात-बारा दाखवल्याशिवाय चिठ्ठी नाही. दोन, कलिनच्या सांगाड्यावर नेड-८ नावाचं युबिक्विटिनचंच भावंड बसावं लागतं, ते बसलं की रिंगचं टोक मोकळं होऊन हलायला लागतं, तोवर ई-३ जवळपास झोपलेलं. काम झालं की सीओपी-९ सिग्नलोसोम नावाचं आठ प्रोटीनांचं मंडळ ते नेड-८ काढून घेतं. हे मंडळ पहिल्यांदा झाडातच सापडलं, अंधारात वाढूनही उजेडात असल्यासारखी वागणारी रोपटी बघताना. नेड-८ निघालं की कॅन्ड-१ येतं आणि जुना एफ-बॉक्स सोडवून नव्याला जागा करून देतं, ट्रॅक्टरचं अवजार बदलावं तसं. तीन, कितीतरी ई-३ स्वतःवरच शिक्का मारतात आणि स्वतःच संपतात. आणि चार, शिक्का पुसणारी एन्झाइमं वेगळी आहेत, माणसात शंभरच्या आसपास.

हळदीचा_सौदा

एक शिक्का बसला की संपलंच का?

कऱ्हाडची_प्रोटीनवाली

नाही हो. साधारण चारएक युबिक्विटिनची साखळी, तीही आधीच्या युबिक्विटिनच्या ४८ व्या जागेला जोडत गेलेली, असली की प्रोटिअसोमकडे रवानगी. ६३ व्या जागेला जोडलेली साखळी असेल तर बहुधा दुरुस्तीला माणसं बोलावणं किंवा निरोप पोचवणं. एकच युबिक्विटिन असेल तर आणखी वेगळा अर्थ. म्हणूनच "कचरा" शब्दाला माझाही विरोध आहे. एकच शाई, पण चिठ्ठीवर मजकूर वेगळा.

मिरजकर_डॉक्टर

आणि चिटबॉयला बाहेरचा माणूस फितवतो त्याचंही उदाहरण आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण असलेला पॅपिलोमा विषाणू. त्याचं ई-६ नावाचं प्रोटीन (ई-३ शी गल्लत करू नका) आपल्याच पेशीतल्या एका हेक्ट लायगेजला हाताशी धरतं आणि पी-५३ या राखणदार प्रोटीनवर शिक्का मारायला लावतं. राखणदार गेला की पेशी बेफाम वाढते. हेक्ट घराण्याला नाव पण याच लायगेजवरून पडलं. मुलींना लस वेळेत द्या एवढंच सांगतो.

द्राक्षकन्या

मंडळी, पाच दिवसांनी लिहितेय. घरी आलेय.

काल रात्री जेवणं झाल्यावर अण्णांना सांगितलं. चिटबॉयपासून सुरुवात केली. ते आडवे पडले होते, उठून बसले. गव्हाण, चिठ्ठी, ट्रॅक्टर आणि अवजारं, सगळं ऐकलं. डेला म्हणजे ब्रेक हे सांगितलं तेव्हा म्हणाले, "म्हंजे जीए फुगवत न्हाय, सोडवतंय." मी म्हटलं अगदी तसंच.

मग बराच वेळ गप्प. आणि नंतर त्यांनी जे विचारलं ते मी जसंच्या तसं लिहिते: "मग एप्रिल छाटणीनंतर आपण सीसीसी मारतो ते डेला टिकवायला का?"

मी त्यांना हे सांगितलेलंच नव्हतं. सीसीसी हे वाढ रोखणारं रसायन झाडात जीए तयार होऊ देत नाही. जीए कमी म्हणजे डेला शाबूत, शेंडा थांबतो. आणि त्या वेळी वेलीच्या डोळ्यात आत जे ठरत असतं, घड व्हायचा की बाळी (वेलीचा तणावा), ते जीए कमी असलं तर घडाकडे झुकतं. अण्णांना घड जिरतो म्हणजे काय ते दरवर्षी दिसतं, बाळी आणि घड एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत हे त्यांनी डोळ्याने बघितलेलं आहे. त्यांनी फक्त दोन टोकं जोडली.

प्रोटीनवाली ताई, २००२ चा तो पिनो म्युनिए द्राक्षाचा पेपर मी त्यांना सांगितला, बरोबर सांगितलं ना? की त्या वेलीच्या बाहेरच्या थरातून वाढवलेलं झाड बुटकं निघालं, डेला बिघडलेलं, आणि बाळ्यांच्या जागी सगळीकडे घडच लागले?

कऱ्हाडची_प्रोटीनवाली

अगदी बरोबर सांगितलंस. गव्हातल्यासारखाच बिघाड, जीए डेलाला हलवू शकत नाही. अण्णांना माझा नमस्कार सांग, हा प्रश्न मला विद्यार्थ्यांकडून ऐकायला आवडला असता.

बेदाणा

अण्णांना विचारा, आमच्याकडे काही जण जीएचा डोस वाढवत नेतात, तरी मणी त्या मानाने वाढत नाही. देठ मात्र लाकडासारखे होतात आणि मणी गळतो. याचं उत्तर या डेलात आहे का?

द्राक्षकन्या

बेदाणा दादा, थोडं आहे. डेला असतं तेव्हा ते झाडाला जीए आणि जीआयडी-१ तयार करायलाही लावत असतं. डेला संपत आलं की ते दोन्ही कमी होतात आणि जीए मोडणारी एन्झाइमं वाढतात, म्हणजे झाड स्वतःच हात आखडतं. शिवाय उभा ऊसच संपला तर चिठ्ठ्या वाढवून काय होणार. जास्तीचं जीए मग देठात आणि पुढच्या वर्षीच्या डोळ्यात नको ते करतं. अण्णा ४० पीपीएमच्या वर जात नाहीत, आणि पाण्याचा सामू (पीएच) साडेपाच-सहावर आणल्याशिवाय पावडर विरघळवलेलं द्रावण त्यात ओतत नाहीत, अल्कधर्मी पाण्यात जीए टिकत नाही म्हणून.

उद्या पहाटे डिपिंग आहे, दोन बायका कमी आहेत, म्हणून मी पण ओळीत आहे. अण्णांनी सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवलंय की घड बुडवायच्या आधी पोरगी पाच मिनिटं काय ते सांगणार आहे, चिटबॉयचं. पलूसचे दादा, तुमचं नाव घेऊन सांगते.

ऊसवाला_पलूस

सांगा सांगा. आन् ताई, पानी गार आसतंय पहाटंचं, हातमोजं घाला.